इंदुरीच्या घाटावर भरलेला कागद

आज जुन्या पेटीत जांभळ्या पेन्सिलीने भरलेला एक कागद सापडला. पाण्याचे शिंतोडे पडून अक्षरं फुटली आहेत. तो हातात घेतला आणि इंदुरीच्या घाटावरच्या ओल्या दगडांचा वास आला.

स्वातंत्र्याआधीची गोष्ट. लोक उच्च-नीच किती मानतात हे मोजायला प्राध्यापकांनी आम्हा कॉलेजातल्या मुलींना गावोगाव धाडलं होतं. इंद्रायणीवर धुणं आटोपून बसलेल्या पारूमावशीला मी गाठलं. तिच्याशेजारी टेकले, तशी ती एक पायरी खाली सरकली. मीही उतरले. ती आणखी खाली.

"मावशी, वर या ना."

"हितंच बरंय, बाई. गारवा हाय."

"गावात कुणी मोठं, कुणी हलकं, असं मानता का हो?"

"न्हाई वं बाई! समदी मानसंच की!"

किती मोकळं हसली ती! ते हसू अजून कानात आहे. मी हरखून ठळक लिहिलं, 'भेद मानत नाही.'

शेवटचा प्रश्न संपला तेव्हा तिचे पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात होते. मावशीला फारच उकडत असावं, असं मला तेव्हा वाटलं होतं.