आईनं शोधलेली दिल्लीची गाणी

हल्ली ऑफिसात कुणी नवीन आलं की हमखास विचारतं, "इथलं लोकल म्युझिक कुठे ऐकायला मिळेल?" मग मोबाईलवर शोधाशोध होते आणि एखाद्या कॅफेचं किंवा सभागृहाचं नाव निघतं. मला मात्र आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटची मागची गॅलरी आठवते.

आई लग्न होऊन साताऱ्याहून दिल्लीत आली. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. आईचा गळा चांगला होता. करोल बागेत गणपतीत ती गायची आणि ओळखीत कुणाचं बारसं असलं की पाळणा म्हणायला तिलाच बोलवायचे. पण तिची एक तक्रार होती. "इतकी वर्षं राहतोय इथे, पण इथलं म्हणून एक गाणं कानावर पडलं नाही. आपल्याकडे बायका ओव्या म्हणतात, तसं इथल्या बायका काय म्हणतात?"

बाबांनी ऑफिसात विचारून पाहिलं. एक साहेब बंगाली, दुसरे तमिळ, शेजारच्या टेबलावरचे गढवालचे. "सगळे आपापल्या गावचं सांगतात," बाबा म्हणाले. "दिल्लीचं कुणालाच माहीत नाही."

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. हिवाळ्यातल्या एका दुपारी आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि मागच्या बाजूनं ढोलक ऐकू आली. आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे एक जुनं गाव आहे. आमचे फ्लॅट त्याच गावच्या शेतात उभे राहिले, पण आमच्यातलं कुणी दूध आणण्यापलीकडे तिकडे जात नसे. ढोलकीबरोबर बायकांचे आवाज होते, मोकळे, जरा चढे. आई ओली चादर हातात धरून उभीच राहिली.

"चल, बघून येऊ."

"आई, ओळख ना पाळख. यार, असं कसं जायचं?"

"गाणं चाललंय. भांडण चाललं असतं तर गेले नसते."

गल्लीत एका घरापुढे सतरंजी अंथरून बायका बसल्या होत्या. एक ढोलक वाजवत होती, दुसरी त्याच ढोलकीच्या लाकडावर चमच्यानं ठेका देत होती. आम्ही कोपऱ्यावर थांबलो. मधोमध बसलेल्या एका उंच, सावळ्या बाईनं आम्हाला पाहिलं. ती त्या घरातली थोरली होती. तिनं सतरंजीवर हात थोपटला. "आ जा बहन, बैठ. खड़ी क्यूँ है?"

तिला नातू झाला होता आणि त्या दिवशी कुआँ पूजन होतं. बाळंतीण पिवळी ओढणी घेऊन, डोक्यावर कळशी ठेवून विहिरीची पूजा करायला जाते. विहीर केव्हाच बुजली होती, म्हणून आता नळाची पूजा व्हायची. बाळंतिणीसाठीच्या त्या गाण्यांना 'जच्चा' म्हणतात. एकात सून सासूकडे सुंठीचे लाडू मागते, सासू किल्ली सापडत नाही म्हणते. आई मन लावून ऐकत होती. तिसऱ्या गाण्याला ती ठेक्यावर टाळ्या द्यायला लागली.

"अब तू सुना," थोरली म्हणाली. "तेरे यहाँ बच्चा होने पे कुछ नहीं गाते?"

आईनं पाळणा म्हटला. सुरुवातीला आवाज जरा कापला, मग लागला. 'जो जो' त्या बायकांना लगेच जमलं. संपल्यावर त्यांनी अर्थ विचारला आणि आईनं एकेक ओळ तिच्या मराठी वळणाच्या हिंदीत समजावून सांगितली. तो पाळणा मी लहानपणापासून ऐकत होते, पण त्यातले निम्मे शब्द मला कळायचे नाहीत. अर्थ पहिल्यांदा नीट कळला तो त्या सतरंजीवर बसून, हिंदीतून.

त्या दिवसापासून आईला गावातून बोलावणी येऊ लागली. थोरलीला ती 'जीजी' म्हणायची. लग्नाची गाणी वेगळी, फाल्गुनातली वेगळी, श्रावणातली झोक्याची वेगळी, हे आम्हाला तिथेच कळलं. फाल्गुनात गावाच्या चौकात पुरुषांच्या रागिण्या, म्हणजे इकडची लोकगाणी, व्हायच्या. एकजण मटक्यावर ताल धरायचा आणि दोन गायक एकमेकांना सवाल-जबाब करायचे. बाबाही खुर्ची घेऊन यायचे.

माझं लग्न ठरलं पुण्यातल्या मुलाशी. हळदीच्या सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सासरची माणसं बसली होती आणि जीजी आपल्या बायकांना, ढोलकीला घेऊन आली. आधी 'बन्नी' म्हटली, नवरीचं कौतुक. मग तिनं नवऱ्या मुलाच्या वडिलांकडे बोट करून 'गाली' सुरू केली. आईचा चेहरा पडला. लग्नात व्याह्यांना गाण्यातून चिडवायची इकडे रीत आहे, हे पुण्याच्या मंडळींना कुणी सांगितलंच नव्हतं.

सासरे कडक शिस्तीचे. ते आईला म्हणाले, "वहिनी, माझ्याबद्दल काहीतरी म्हणतायत. काय म्हणतायत?"

आईनं सरळ सांगून टाकलं. "म्हणतायत, मुलाचा बाप थाटात आला, पण मिशा शेजाऱ्याकडून मागून आणल्यात."

सासऱ्यांनी स्वतःच्या गुळगुळीत ओठावरून बोट फिरवलं. "पण मला मिशाच नाहीत."

आईनं ते जीजीला सांगितलं. जीजी म्हणाली, "बिल्कुल. पड़ोसी वापस ले गया."

हे मात्र भाषांतराशिवाय कळलं. आधी सासरे हसले, मग सगळे. त्यांची बहीण, माझी आतेसासू, पदर खोचून उठली. "आम्हाला काय येत नाही होय?" तिनं विहिणीला चिडवणारं झिम्म्याचं गाणं सुरू केलं. आता आई जीजीच्या कानात हिंदी करत होती आणि जीजी मान डोलावत होती. मुहूर्ताची आठवण शेवटी भटजींनाच करून द्यावी लागली.

पुढे गावात डीजे आला. जीजीच्या नातवाच्या लग्नात बाहेर एवढा आवाज होता की बायका आतल्या खोलीत दार लावून गायल्या. त्यानंतर काही वर्षांनी जीजी गेली. आई तिच्या घरी जाऊन बसली, तिच्या सुनांजवळ. तिथे ती गायली नाही, कुणीच गायलं नाही.

आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी नवऱ्याच्या बदलीमुळे नोएडात राहत होते. एका रविवारी तिच्याकडे गेले तर हॉलमध्ये गावातल्या दोन तरुण सुना बसलेल्या. त्यांच्या घरी कुआँ पूजन होतं.

"चाची, वो लड्डूवाला जच्चा कैसे था? दादी गाती थीं." दादी म्हणजे जीजी.

आईला चाल पक्की आठवत होती, शब्द मात्र पहिल्या दोन ओळींचेच. तिसरी एका सुनेनं सांगितली. चौथीवर दोघींचं जमेना, म्हणून त्यांनी गावातल्या एका म्हातारीला फोन लावला आणि तिनं पलीकडून गाऊन दाखवलं. मी ते सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं.

आई जाऊन आता दोन वर्षं झाली. ते रेकॉर्डिंग मी अधूनमधून मेट्रोत कानाला लावते. त्यात आईचा आवाज थोडाच आहे. ती मधेच थांबून म्हणते, "नाही, तिथे जीजी जरा खेचायची," आणि ती जागा पुन्हा म्हणून दाखवते. मग कुकरची शिट्टी होते आणि आई मला गॅस बंद करायला सांगते.