मध्यवर्ती बँक बरखास्त, साखरपुडा तहकूब

देशाची मध्यवर्ती बँक बरखास्त करायची, हे मी बंगलोरच्या बनशंकरीतल्या आमच्या गच्चीवर एकट्यानं, एकमतानं ठरवलं. नव्वदचं दशक होतं. महागाई भडकली होती, आणि मी तिच्याहून जास्त. बँक नोटा छापते म्हणूनच भाव वाढतात, असं ठणकावणारी पत्रकं मी चिकपेटेत छापून घेतली. मराठीत! (बंगलोरात ती वाचणार कोण, हा प्रश्न मला छपाईचे पैसे देऊन झाल्यावर पडला.) शेजाऱ्यांनी "सरी, सरी" (म्हणजे बरं, बरं) म्हणत ती घेतली आणि त्यांच्यावर शेंगा सोलल्या.

उरलेला गठ्ठा आईला सापडला, तोही अक्काच्या साखरपुड्याच्या तोंडावर. "एक बाजू कोरी! एवढा चांगला कागद वाया घालवायचा?" तिनं कोरी बाजू बाहेर ठेवून, खळ लावून वरपक्षासाठी मानाची पाकिटं केली. आत शंभराची नोट आणि रुपयाचं नाणं. मला पत्ताच नाही!

वरपक्ष बेळगावचा, म्हणजे मराठी वाचणारा! त्यात नवऱ्या मुलाचे काका बँकेतून निवृत्त झालेले. खळ ओली होती, नोट आत चिकटली. काकांनी पाकीट टराटरा फाडलं आणि भर बैठकीत वाचलं, "हातातली ही नोट शुद्ध थाप आहे. ती मुकाट्यानं घेणारा महामूर्ख!" खाली ठळक अक्षरांत माझं नाव.

सनई थांबली. (कॅसेट संपली होती. पण वेळ बघा!)

"ही काय चेष्टा लावलीय?" काका गरजले.

"अहो, ते आतलं वाचायचं नसतं हो!" आई.

तेवढ्यात मुलाचे आजोबा चष्मा सावरत म्हणाले, "वसंता, ओरडू नकोस. पोरानं खरं लिहिलंय. बंद करा ती बँक!"

"बाबा, मग उद्या बँका बुडायला लागल्या तर सावरणार कोण?"

"बुडू देत! सावरणारा आहे म्हणूनच माजतात!"

"आणि नोटा कोण काढणार? तुम्ही?"

"सोन्याची नाणी काढा!"

बैठकीत दोन तट पडले. जावई होणारा इसम अंगठी हातात धरून कधी काकांकडे, कधी आजोबांकडे बघत होता. भटजी म्हणाले, "मुहूर्त स्वल्पच उरलाय." कोणी ऐकेना. अखेर काका उठलेच. "ज्या घरात पाहुण्याला मूर्ख म्हणतात, तिथं सोयरीक नको. नाहीतर लिहिणाऱ्यानं इथं उभं राहून सांगावं, नोट खरी की थाप?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, दात आवळलेले. "बोल ना रे! माझं लग्न मोडून देश सुधारणार आहेस का?"

मी पेढ्यांचं ताट घेऊन उभा राहिलो. "काका, नोट खरी आहे. आणि बँक... असावी. हवीच."

"म्हणजे हे छापलं ते?" आजोबा कडाडले.

"चुकून छापलं, आजोबा."

काका बसले. अंगठी बोटात गेली. अक्का हसली. आजोबा मात्र काठी आपटून म्हणाले, "आजपासून तू चळवळीत नाहीस!"

चळवळीत आम्ही दोघंच होतो. त्यांचा ठराव मी हात वर करून पाडू शकलो असतो, पण माझ्या दोन्ही हातांत पेढे होते.