बिनगाठीची टोपी

कांद्याच्या गोण्यांवर दोर आवळण्यात नगर जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. जामखेड रोडला माझा भरलेला टेम्पो दिसला की खड्डे आपण होऊन बाजूला सरकायचे. मार्केटात पोचल्यावर माझी गाठ सोडवायला चार हमाल लागायचे, आणि त्यातला एक दरवेळी वैतागून काम सोडून गावी निघून जायचा. असल्या हातांत साठी उलटल्यावर कुणी लोकर दिली तर त्या लोकरीचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण दिली. शेजारच्या खालानं दिली. खरं तर तिनं ती माझ्यासाठी आणलीच नव्हती.

आमची लेक नेवाशाहून बाळंतपणाला माहेरी आली होती. ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यातच आमची सगळी तयारी झाली होती. पाळणा तर मी टेम्पोत उभा करून, हॉर्न वाजवत, गल्लीतून मिरवत आणला होता. बाळ काही आलं नाही. पाळणा आला तसाच टेम्पोतून परत गेला, आणि त्या दिवशी नगरपासून घरापर्यंत मी एक शब्द न बोलता गाडी चालवली. वाटेतल्या चहावाल्याला वाटलं, गाडी दुसरंच कुणी चालवतंय.

म्हणून या वेळी घरात हुकूम निघाला. बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काही आणायचं नाही, काही शिवायचं नाही, साधं दुपटंसुद्धा धुऊन ठेवायचं नाही. रीत तशी आमच्याकडं जुनीच, पण या वेळी ती कलेक्टरच्या आदेशासारखी लागू झाली. बायकोनं मला गोठ्यामागं नेऊन वेगळं बजावलं, "अहो, पोरीसमोर त्याचा शब्द काढायचा न्हाई. तुमचं तोंड म्हंजे लग्नाचा लाउडस्पीकर हाय. वायर काढून ठिवा."

वायर काढली. पण लेक आमच्याहून गप्प. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, तर भिंतीकडं तोंड करून पडायची. आमच्या म्हशीचं पोट जरा वर दिसलं तरी गल्लीतल्या बाया तिच्यावरून हात फिरवून जातात. ही स्वतःच्या पोटावर हात ठेवायची नाही. उशीवर ठेवायची, बाजेच्या कडेवर ठेवायची, पण तिथं नाही. ते मला बघवत नव्हतं.

तिचा वेळ जावा म्हणून खाला एक दिवस पिशवी घेऊन आली. पिशवीत प्लॅस्टिकची तीन गोल कडी, मोठं, मधलं आणि लहान. कड्यांना वर सगळीकडून खुंट्या, देवळाच्या कठड्यासारख्या. खाला म्हणाली, "ह्याला लूम म्हनतात. सुया न्हाईत, काय न्हाई. मोबाईलवर बघून शिकले मी. टोप्या, मफलर, काय पन व्हतं."

लेकीनं कडं हातात घेतलं, बघितलं, आणि ठेवून दिलं. "नको खाला. पुन्हा कधीतरी."

खालाचं तोंड एवढंसं झालं. मला दोघींचीही दया आली, म्हणून मी पुढं झालो आणि म्हणालो, "आणा इकडं. टेम्पोचं स्टिअरिंग याच्यापेक्षा मोठं असतंय."

शिकायला सोपं आहे असं खाला म्हणायची. प्रत्येक खुंटीला लोकरीचा एक वेढा घालायचा, गोल फिरून आलं की वर दुसरा वेढा. मग आकड्यानं खालचा वेढा उचलायचा आणि वरच्या वेढ्यावरून खुंटीच्या पलीकडं टाकायचा. झाली एक ओळ. मी पहिली ओळ घातली. खालानं आकडा लावला. वेढा हलेना. तिनं दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा खुंटीच करकरली.

"भाऊ," ती म्हणाली, "ही लोकर हाय. कांद्याची गाडी न्हाई. घाटात सांडनार न्हाई ती."

"सैल सोडलं तर सुटंल की!"

"सुटत न्हाई. सैल असती म्हनूनच ती ऊब धरती."

हे वाक्य कळायला मला एक मफलर खर्ची घालावा लागला. तो मफलर एवढा कडक झाला की भिंतीला टेकवला तर उभा राहायचा. बायको त्याच्यानं चुलीतला विस्तव सारायला निघाली होती. मग मी बायकोला टोपी विणली. हात सैल सोडायचा म्हणून असा सोडला, की ती टोपी तिच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून उतरत थेट खांद्यावर जाऊन बसली. आतून आवाज आला, "अहो, दिवस मावळला का काय?"

आणि भिंतीकडं तोंड केलेली आमची लेक हसली. पाठ हलली तेवढीच, पण मी ड्रायव्हर माणूस, मागची गाडी आरशातून ओळखतो.

मग काय, मी सुटलोच. शेळीला मफलर केला. तिनं तो अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा गळ्यात घालून गावभर मिरवली. मोबाईलला पिशवी केली. तीत मोबाईल घातला की रिंग ऐकू यायची नाही, त्यामुळं माझे निम्मे नातेवाईक अजून रुसलेले आहेत. लेक आता माझ्याकडं तोंड करून पडायला लागली. कुठं चुकलं ते दाखवायची. "आप्पा, ही खुंटी राहिली. आप्पा, उलटं आलंत."

एके दुपारी तिनं पिशवीत हात घातला तर सगळ्यात लहान कडं हाताला आलं. तिनं त्यात मूठ घालून पाहिली. विचारलं, "हे एवढुसं कशाला असतं?"

खाला पिशवीत उगाच काहीतरी शोधायला लागली. दाराशी लसूण सोलणारी बायको साल ठेवून पाकळ्याच फेकायला लागली. मी वायर काढलेला लाउडस्पीकर, पण तोंड उघडलंच.

"तांब्याला," मी म्हणालो.

"कशाला?"

"तांब्याला टोपी. थंडीत उशाचं पाणी कसलं बर्फ होतं बघ. तिकडं हिवरे बाजारला घरटी तांब्याला टोपी हाय. उगाच न्हाई तिथलं पाणी टिकत."

खालानं पदराआड तोंड लपवलं. लेक माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही पुन्हा भिंतीकडं वळणार. पण ती म्हणाली, "मग करा की."

मी पिवळी लोकर घेतली आणि लहान कड्यावर सुरुवात केली. चार बोटं विणून झालं असेल, तर बायको पुढ्यात येऊन उभी. तांब्याची थाप तिला थोडीच पटणार होती! तिनं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि आवाज न चढवता म्हणाली, "ह्ये काय चाललंय ते मला कळतंय. बंद करा. मागल्या वेळचं इसरलात?"

लेक ऐकत होती. गोठ्यातल्या म्हशीनंसुद्धा रवंथ थांबवला.

तेव्हा खालानं निवाडा दिला. तिनं कडं उचललं, वरून आत बघितलं, खालून आत बघितलं, आणि पलीकडून बायकोकडं बघून म्हणाली, "वहिनी, टोपी कुठं हाय? ही तर नळी हाय. इकडून बी उघडी, तिकडून बी उघडी. वरची तोंडं आवळून गाठ मारली तर टोपी. गाठच न्हाई तर झालीच न्हाई. आन् जी झालीच न्हाई, ती केली कुनी?"

बायकोचा देव वरती आणि खाला खालती, तिनं दोघांकडं बघितलं. "मग गाठ मारायची न्हाई," ती म्हणाली. "इथं कुनी गाठ मारायची न्हाई."

"न्हाई मारत," मी म्हणालो.

"आईच्यान?"

"आईच्यान."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं ती पिवळी नळी कड्यासकट गालाला लावून पाहिली. नाक मुरडलं. "आप्पा, ही लोकर टोचते."

"तांब्याला काय टोचतंय?"

"टोचतंय," ती म्हणाली. "तांब्याला पण टोचतंय. खाला, मऊ मिळते का हो?"

खाला तशीच चप्पल घालून निघाली. नगरच्या बाजारातून ती अशी लोकर घेऊन आली की हातात धरली तर काही धरलंय असं वाटू नये. सायीच्या रंगाची. मी माझी पिवळी उसवली आणि कडं पुढं केलं, पण लेकीनं ते माझ्या हातात दिलंच नाही. उशाला टेकून बसली आणि स्वतः वेढे घालायला लागली. कडं ठेवायला जागा हवी, म्हणून ते तिनं पोटावर ठेवलं. थोड्या वेळानं कड्याला आतून धक्का बसला आणि ते एकीकडं कलंडलं. तिनं हात ठेवून ते सावरलं. हात मग तिथंच राहिला. मी छताचे पत्रे मोजायला लागलो, कारण पत्र्यांना काही बोलायचं नसतं.

आता अडचण अशी की गाठ मारायची नाही, आणि विणायचं थांबवायचंही कुणाला जमेना. टोपी पुरेशी झाली त्याला कधीचे दिवस लोटले. लेक दमली की मी विणायचो, मी जेवायला बसलो की खाला येऊन चार ओळी घालून जायची. कड्याखाली नळी लोंबायला लागली. बाजेवरून जमिनीवर आली. उंबरा ओलांडला. माझं ऐकाल तर तिचं एक टोक आमच्या घरात आणि दुसरं नेवाशाला लेकीच्या सासरी, जावई तिकडून ओढून बघायचा की सगळं ठीक आहे ना.

एकदा विणता विणता मला खाली, टोपी मापाची झाली होती त्या जागेजवळच, एक ओळ वेगळी दिसली. वेढे उलटीकडून घातलेले. कुणी केलं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या घरात डावखुरं माणूस एकच आहे, आणि ते तेव्हा चुलीसमोर पाठ करून भाकरी थापत होतं, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात.

बाळ तारखेची वाट न बघता आलं. मार्गशीर्षातली कडाक्याची सकाळ होती. नगरचा दवाखाना गाठेपर्यंत मी टेम्पो किती हळू आणि किती जपून चालवला, ते रस्त्यातल्या गोगलगायींना विचारा. त्या पुढं निघून गेल्या. जावई नेवाशाहून निघाला होता. त्याच्या आधी नात पोचली.

सिस्टर बाहेर आली. "मुलगी आहे. आई बरी आहे. बाळाचं वजन कमी आहे, पण रडतेय चांगली. कपडे द्या. टोपी द्या, डोकं उघडं ठेवायचं नाही."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आणायचं नव्हतं, तर आणलं नव्हतं. बायकोजवळ तिच्या जुन्या लुगड्याची धुऊन मऊ झालेली फडकी होती, ती तिनं दिली. "टोपी?" सिस्टर म्हणाली.

मी पिशवीतून कड्यासकट नळी काढली. काढत राहिलो. सिस्टर बघत राहिली.

"हा काय हत्तीचा पायमोजा?"

"टोपीच हाय, सिस्टर. जरा जास्त झाली. दोन मिनिटं द्या."

बाकावर बसून मी खुंट्यांवरचे वेढे सोडले आणि धागा ओढला. सरसर उसवायला लागलं. माझ्या ओळी गेल्या, खालाच्या गेल्या, मांडीवर सायीचा ढीग साचला. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. उसवत उसवत मी त्या उलट्या ओळीपाशी आलो, आणि बायकोचा हात माझ्या हातावर पडला.

"अहो, ती ऱ्हाऊ द्या."

मी तिच्याकडं बघितलं. ती समोरच्या फरशीकडं बघत होती.

"मापात बसती," ती म्हणाली. "तेवढी ऱ्हाऊ द्या."

त्या ओळीपाशी थांबलो. धागा ढिगापासून तोडून पिशवीतल्या मोठ्या सुईत घातला आणि उघडी तोंडं एकेक करून त्यात ओवली. आता फक्त आवळायचं आणि गाठ मारायची. पण माझ्या हातांनी आयुष्यभर दोरच आवळले होते. मी टोपी, कडं आणि उसवलेला ढीग तसाच घेऊन आत गेलो.

लेक पांढरीफटक पडली होती. शेजारी गुंडाळलेलं एवढंसं गाठोडं, त्यातून आमच्या घराण्याचा आवाज येत होता. मी सुई पुढं केली. "तू कर. माझ्याच्यानं जास्त आवळलं जाईल."

तिनं धागा ओढला. हळू. वरचं भोक लहान लहान होत मिटलं. मग ती थांबली. धाग्याचं टोक बोटात धरून तिनं आईकडं बघितलं, लहानपणी परीक्षेला निघताना बघायची तसं.

"मारू?"

बायकोनं एकदा नातीकडं बघितलं. ती रडत होती, हात हलवत होती, आपण आलोय हे सगळ्यांना सांगत होती.

"मार बाई," बायको म्हणाली. "आता मार."

लेकीनं गाठ मारली. एक, आणि तिच्यावर अजून एक. धागा दातानं तोडला. टोपी घातली तर ती भुवयांपर्यंत आली. लेकीनं काठ दुमडला, कानावरून सारखा केला, मग थोडं मागं सरून बघत राहिली. आम्हाला वाटलं, आता ही रडणार, म्हणून बायकोनं पदर आधीच पुढं केला होता.

"आई," ती म्हणाली, "ही एकच टोपी आहे? धुवायला टाकल्यावर काय घालायचं हिला?"

बायकोनं पुढं केलेला पदर मागं घेतला.

"अंगडी लागतील. मोजे लागतील. घरी काहीच कसं नाही?" ती जवळजवळ रागावली होती. "आप्पा, उभे काय राहिलात? ती लोकर वाया घालवू नका."

मी तिच्या पायाशी बसलो. ढिगातलं टोक शोधलं आणि कड्याच्या पहिल्या खुंटीला वेढा घातला, सैल.