अकरा वाक्यांची साक्ष

वहिनींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. घड्याळ लागायचं नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कुशीवर वळला की त्या उठायच्या. पाणी तापवायचं, तिघांचे डबे भरायचे, दार ओढून घ्यायचं. साडेपाचला आम्ही रस्त्याला लागायचो. धुकं असलं की कारखाना दिसायचा नाही. पायाखालची जमीन थरथरू लागली की जवळ आला समजायचं.

विणकामाची शेड मोठी. दोनशे माग. दादा आणि वहिनी मागांवर, मी माग दुरुस्त करणारा. वहिनींकडे सहा माग असायचे. एका फेरीत सहाही बघायचे, तुटलेला धागा जोडायचा, पुन्हा पहिल्यावर यायचं. त्यांची गाठ कापडात बोट फिरवून सापडायची नाही. छताच्या काचांतून उन्हाचे पट्टे उतरायचे आणि त्यांत कापसाचा भुगा तरंगत राहायचा. खाली पडायची त्याला घाई नसायची. आवाज एवढा की थोड्या वेळानं तो ऐकूच यायचा नाही. पाण्याच्या तळाशी चालावं तशी माणसं चालायची.

तिथे सगळे ओठांनी बोलायचे. आवाज काढून उपयोगच नव्हता. कुणाची सासू रुसली, कुणाचं पोरगं नापास झालं, चाळीस पावलांवरून कळायचं. शिव्यासुद्धा ओठांनीच. या बोलीत वहिनींचा हात धरणारं कुणी नव्हतं.

शेडबाहेर मात्र त्या मुक्या. लहानपणी शाळेत कविता म्हणायला उभं केलं, शब्द घशात अडकला, वर्ग खो खो हसला. तेव्हापासून चार माणसांत तोंड उघडलं नाही. दुकानातसुद्धा बोट दाखवायच्या.

एका सकाळी कोपऱ्यातल्या मागाखालच्या भुग्यानं पेट घेतला. तेरा बायका मागच्या दाराकडे धावल्या, सगळ्यांत पुढे वहिनी. दार उघडेना. आम्ही या बाजूनं पाणी मारत आत पोचलो म्हणून त्या वाचल्या. दोघींचे हात भाजले. व्यवस्थापक म्हणाले, "दार फुगलं होतं, म्हणून अडकलं." पण वहिनींनी फटीतून पाहिलं होतं. बाहेरून कुलूप होतं. बाकीच्यांच्या डोळ्यांत धूर होता. सरकारी तपासनीस साहेब साक्ष घ्यायला येणार होते. वहिनी बोलल्या नाहीत तर कुलूप तिथेच राहणार होतं.

"भाऊजी, माझ्याऐवजी तुम्हीच सांगा ना."

"मी पाहिलं का कुलूप?"

"नाही."

"मग?"

त्यांनी पदर खोचला. "किती दिवस आहेत?"

"बारा."

"बारा दिवसांत काय होतं?"

"नवा माणूस बारा दिवसांत गाठ मारायला शिकतो."

"नव्या माणसाचं डोकं रिकामं असतं," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यात अख्खा वर्ग बसलाय."

मी म्हटलं, मागांवर सराव करा. तिथे कोण ऐकतंय?

त्यांनी साक्षीची अकरा वाक्यं केली. एका फेरीला एक वाक्य. दिवसभर फेऱ्या, दिवसभर वाक्यं. मी दुरून बघायचो. धागा जोडताना ओठ हलत, भुगा केसांवर बसत राही. बारा दिवसांत एकही धागा तुटलेला राहिला नाही आणि एकही वाक्य चुकेनासं झालं. मेहनतीत खोट काढायला जागा नव्हती.

साक्ष जेवणाच्या खोलीत झाली. माग बंद ठेवले होते. ती शांतता अंगावर येत होती. साहेब, त्यांचा लेखनिक आणि व्यवस्थापक टेबलामागे बसले. समोर आम्ही सगळे कामगार. वहिनी उभ्या राहिल्या. सुरुवात केली. दार. धूर. फट. मागच्या रांगेत माना हलू लागल्या. भाजलेल्या हाताच्या एकीनं डोळे पुसले. पाच वाक्यं झाली, सहावं झालं.

साहेब प्रेमानं म्हणाले, "बाई, घाबरू नका. सुरुवात करा."

खोली हसली. बॉबिनवर सूत भरणारी एक बाई, जिला आम्ही तिखट म्हणायचो, ओरडली, "साहेब, अर्ध्याहून जास्त झालं की! तुमचं लक्ष कुठंय?"

"मला एक अक्षर ऐकू आलं नाही."

"ऐकू आलं नाही ते नोंदवता येत नाही," व्यवस्थापक घाईनं म्हणाले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वहिनी आवाज न काढताच बोलल्या होत्या. मागांच्या गोंगाटात सराव केला, आवाज लावायची गरजच पडली नाही. तोंडाला शिकवलं तसंच त्यानं केलं. चूक माझी. काम जिथे करायचं तिथेच शिकावं लागतं, हे मी त्यांना सांगायला हवं होतं.

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. हसणं ऐकून त्या पुन्हा वर्गात पोचल्या असणार. मग त्यांनी समोर पाहिलं. शेवटच्या रांगेतून तिखट ओठांनी विचारत होती, "मग पुढे?" तिच्या शेजारचीही तेच. आणखी पाच-सहा जणी. हसणाऱ्यांना सगळं समजलं होतं. समजलं नव्हतं ते फक्त टेबलामागच्या तिघांना.

वहिनींनी खाकरून घसा साफ केला. पहिलं वाक्य पुन्हा घेतलं. आवाज धाग्याएवढा निघाला आणि मधेच तुटला. त्या थांबल्या, गाठ मारावी तसं तुटल्या जागेपासून उचललं आणि पुढे गेल्या. चौथ्या वाक्याला आवाज शेडच्या मापाचा झाला. "कुलूप होतं. पितळी. बाहेरून!" लेखनिकाचं पेन कागदावरून उडालं.

परतताना दादा आमच्या मधोमध चालत होता. मागांनी त्याचे कान केव्हाच नेले होते. त्यानं साक्षभर वहिनींच्या ओठांवरची नजर काढली नव्हती.

"अगं, दोनदा का सांगितलंस? पहिल्यांदाही झकास सांगितलं होतंस."

"दुसऱ्यांदा आवाज होता," वहिनी ओठांनी म्हणाल्या. "भाऊजींना विचारा."

"कसा होता रे?"

"खणखणीत."

दादानं मान हलवली. पण घर येईपर्यंत तो वहिनींच्या गळ्याकडे बघत राहिला.

महिन्याभरात कुलूप निघालं. नुसतं ढकललं की उघडणारं दार बसलं. वहिनींनी आणखी सहा वर्षं सहा माग सांभाळले. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा मी म्हटलं, छप्पर गळतंय. त्या म्हणाल्या, गळू दे.

त्यांनी दादाच्या दोन्ही कानांना यंत्रं आणली. पहिल्या दुपारी वाटी ठेवल्याच्या आवाजानं तो दचकला. वहिनी त्याच्यासमोर बसल्या. त्याला ओठ दिसू नयेत म्हणून तोंडावर पदर धरला आणि अकरा वाक्यं पहिल्यापासून सुरू केली.

चौथ्या वाक्याला दादा म्हणाला, "अगं, जरा हळू."