‘कडी’ अंकातला एक लेख

काकूचं लग्न झालेलं नव्हतं, तरी ती जगाची काकू होती. दातांच्या दवाखान्यात पेशंटांना नंबर देता देता कुणीतरी तिला एकदा काकू म्हणालं, आणि ते नाव असं चिकटलं की तिच्याहून कितीतरी मोठे असलेले सरसुद्धा तिला काकूच म्हणू लागले.

सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. घराच्या पुढच्या खोलीतून ते एक ऑनलाइन मासिक चालवत. दर महिन्याला एकच विषय, आणि त्यावर साध्यासुध्या माणसांनी लिहिलेले लेख. ‘जिना’, ‘साबण’, ‘उशीर’ असे अंक निघत. दुपारी दवाखाना बंद झाला की काकू सरांकडे जाई आणि मासिकाची पानं लावी. तिची पद्धत घरगुती होती. मागच्या महिन्याचं पान उघडायचं, दुसऱ्या नावाने जतन करायचं, जुना मजकूर पुसायचा आणि नवा ओतायचा. या भानगडीत कधी वरचं नाव बदलायचं राहून जाई. ‘साबण’ अंक एकदा दोन दिवस ‘जिना’ म्हणून मिरवत होता. सर रागावले नाहीत. “वाचक समजतील, जिना धुवायला काढलाय,” म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

मग सरांच्या जावयाने मनावर घेतलं. तो कॉम्प्युटरवाला. सासऱ्यांचं मासिक असं हाताने थापलेलं बघून त्याचा जीव कासावीस व्हायचा.

“काकू, हे सगळं सीएमएसवर न्यायचं, म्हणजे साइट सांभाळणाऱ्या तयार यंत्रणेवर. लेख एका चौकटीत टाकायचा, लेखकाचं नाव टाकायचं, अंकाचा विषय निवडायचा आणि पब्लिश म्हणायचं. बाकीची मांडामांड, अनुक्रमणिका, सगळं आपोआप.”

“आणि जुने अंक?”

“ते मात्र तुम्हालाच एकेक करून हलवावे लागतील. सुरुवातीचे तर जुन्या फॉन्टमध्ये आहेत, बदलून घेतले तरी तपासायला लागणार. सगळं आलं असं तुम्ही सांगितलंत की जुनी साइट बंद. दोन-दोन ठिकाणचं भाडं भरण्यात काय अर्थ आहे?”

काकूने काम अंगावर घेतलं. दुपारमागून दुपार ती लेख उचलून नव्या घरात ठेवत राहिली. कंटाळवाणं काम, पण तिला त्याची गोडी लागली होती. विसरलेली माणसं पुन्हा भेटत होती. साबणावर तावातावाने लिहिणारा बसचा कंडक्टर भेटला, आयुष्यात एकदाही वेळेवर न पोहोचलेली शिक्षिका भेटली. काकू एकटीच हसायची.

‘कडी’ अंक आला आणि तिचं हसू मावळलं.

त्या अंकात तिच्या ताईचा लेख होता. ताईने जन्मात लिहिलेला एकुलता एक. तिने तो काकूला न सांगता परस्पर सरांना पोस्टाने धाडला होता, आणि सरांनी कौतुकाने टाइप करायला काकूच्याच हातात ठेवला होता. लेख आईच्या शेवटच्या आजारपणावर होता. आई ताईकडे होती. रोज दिवेलागणीला ती पडल्यापडल्या सांगायची, “कडी लावू नकोस, धाकटी येईल.” धाकटी म्हणजे काकू. त्याच्या पुढचं वाक्य होतं, ‘धाकटीला रजा मिळाली नाही.’

ते वाक्य खोटं होतं. काकूने रजा मागितलीच नव्हती. आई वाळत चाललीय, माणसं ओळखते न ओळखतेय, असं ताई फोनवर सांगायची आणि काकू घाईने फोन ठेवायची. आज मागू, उद्या मागू करत ती डॉक्टरांच्या दाराशी जाऊन परत यायची. ताईला म्हणायची, “रजा देत नाहीत गं.” शेवटी ती गेली ती आईला पोचवायलाच. आणि त्या भोळ्या ताईने तिची थाप खरी मानून चारचौघांत छापायला दिली. काकूने ती स्वतःच्या हाताने टाइप केली, कागद सरांच्या रद्दीत गेले, आणि लेख वाचून परक्या लोकांनी लिहिलं, ‘बिचारी धाकटी बहीण!’ काकू लाजेने मेली होती.

आता तोच लेख पुन्हा समोर होता. काकूने तो उचललाच नाही. पुढचा उचलला.

जुन्या पद्धतीत एक लेख गाळला असता तर अनुक्रमणिकेत भोक दिसलं असतं. नव्या यंत्रणेने शहाण्यासारखं सगळं सरकवून घेतलं. अंकात आणखी एक लेख होता याचा मागमूस राहिला नाही. काही दिवसांनी जावयाने विचारलं, “सगळं आलं ना काकू? करू बंद?”

“आलं सगळं,” काकू म्हणाली. बोलताना ती टेबलावरची धूळ पुसत होती.

सर नव्या साइटवर लहान मुलासारखे खूश होते. भेटेल त्याला सांगत, “एकही लेख हरवला नाही. आमच्या काकूची मेहनत!” काकूला वाटायचं, उठून निघून जावं. एका थापेपासून सुटका व्हावी म्हणून तिने दुसरी मारली होती, आणि ही पहिलीपेक्षा वाईट होती. पहिल्या वेळी ती घाबरलेली तरी होती. या वेळी तिने शांतपणे चहा पीत पीत बहिणीचं लिखाण पुसलं होतं.

आणि मग एका रविवारी ताईचा फोन आला.

“अगं, माझा लेख सापडत नाही. नातीला दाखवत होते, तिची आजी छापून आलीय म्हणून. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला नीट दिसत नाही, मीच काहीतरी भलतं दाबत असेन.”

“तू नाही गं,” काकू म्हणाली. “नव्या साइटवर… माझ्याकडून राहिलाय. बघते मी.”

“सावकाश बघ. उगाच कामात काम नको.”

ताई चिडली असती तर बरं झालं असतं. काकूने जावयाला फोन केला. जुनी साइट कधीच गेली होती. तिची प्रत कुठे ठेवलीय का विचारलं, तर तो म्हणाला, “तुम्हीच म्हणालात ना सगळं आलं, मग कशाला ठेवू?”

काकूने नवी चौकट उघडली आणि लेख आठवून टाइप करायला घेतला. आठवावा लागलाच नाही. इतक्या वेळा चोरून वाचून झाला होता की शब्दन् शब्द पाठ होता. फक्त ते एक वाक्य तिने गाळलं. ताईला दिसत नाही, वाक्य छोटं आहे, कुणाचं काही बिघडत नाही. टाइप करून झाल्यावर तिने ताईला फोन लावला आणि म्हणाली, “ऐक, वाचून दाखवते. काही राहिलं असेल तर सांग.”

ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“छान. पण मधलं एक वाक्य गेलं.”

“कुठलं?”

“कडी लावू नकोसच्या पुढचं. तुझं.”

“ताई, ते खोटं होतं गं. मी रजा मागितलीच नव्हती. आईला तसं बघायची हिंमत नव्हती माझ्यात. आणि लेख राहिला नव्हता, मीच गाळला.”

“गाळलास ते नव्हतं माहीत,” ताई म्हणाली. “रजेचं माहीत होतं. मी तुझ्या दवाखान्यात फोन केला होता. डॉक्टरच बोलले, तिने विचारलंच नाही, पण हवं तर आत्ता पाठवतो. मी म्हटलं नको. तुला सांगू नका म्हणूनही बजावलं.”

“मग तसं लिहिलंस कशाला?”

“आई रोज विचारायची, धाकटी का येत नाही? तिला काय सांगू, घाबरते म्हणून? म्हटलं, रजा मिळाली नाही. तिला पटलं. म्हणाली, ‘मेले राबवून घेतात पोरीला.’ त्यानंतर तिने विचारलं नाही. ती तेवढं खरं मानून गेलीय. ते वाक्य माझं नाही आणि तुझंही नाही. होतं तिथे घाल.”

काकूला टाइप करायला वेळ लागला. डोळे पुसून ती दोनदा चुकली.

“घातलंस?”

“घातलं.”

“मग वाच पुन्हा. पहिल्यापासून वाच, नात आलीय ऐकायला.”