दिवाळे गावाचा आकडा

उज्वलासारखी आकडे वाचणारी बाई आमच्या चॅनेलच्या महापेच्या ऑफिसात दुसरी नव्हती. मी विलास, तिच्या शेजारच्या टेबलावर बसतो. दर गुरुवारी टीव्हीचे आकडे आले की आम्ही सगळे तोंड पाडून बसायचो आणि ही विचारायची, “लोक बघतच नाहीत, की त्या वेळेला बघत नाहीत?”

संध्याकाळी सातच्या मालिकेचा आकडा पार झोपला होता. त्यात उज्वलाची धाकटी बहीण भाविका नणंदेचं काम करायची, आयुष्यातलं पहिलंच. साहेब म्हणाले, बंद करा. उज्वलाने मग भाग लागून गेल्यावर सात दिवसांत मोबाइल अ‍ॅपवर मागाहून बघणाऱ्यांचे आकडे काढले. चांगले निघाले की हो!

“सर, सातला आमच्याकडच्या बायका बाजारात मासळी विकत असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतात. माझी आईसुद्धा.”

साहेबांनी महिना दिला. अ‍ॅपचा आकडा टिकला तर मालिका राहील.

इथेच माती खाल्ली. उज्वलाने आनंदाच्या भरात हे घरी, दिवाळे गावात, सांगितलं. तिच्या आईला, गोजराबाईंना, सांगणं म्हणजे अख्ख्या गावाला सांगणं. भाविकासाठी म्हटल्यावर कोळणी मागे राहतायत होय! बोंबील वाळत घातलेले आणि शेजारी पाटीत मोबाइल, आवाज बंद, एकच भाग दिवसभर चालू. संपला की पुन्हा लावायचा. बघतंय कोण? कावळे.

आकडा तिप्पट झाला. साहेबांनी पेढे मागवले. उज्वलाने पेढा तसाच टेबलावर ठेवला आणि गावांची यादी उघडली. दिवाळ्यात एकेका फोनवर एकच भाग चाळीस-चाळीस वेळा! आमचा नियम असा की हे सापडलं की त्या गावाचं सगळंच बघणं खोटं धरून वगळायचं. खरं-खोटं निवडत बसायची सोय नाही.

“गप्प बस ना बाई. कुणाला कळतंय?” मी म्हणालो.

“आणि पुढच्या वेळी मी खरं बोलले, तर कोण ऐकेल, विलासदादा?”

तिने स्वतःच्या हाताने दिवाळे खोडलं. राहिलेला आकडा पहिल्यापेक्षाही खाली गेला आणि दुपारी मालिका बंद झाली. मला भयंकर राग आला होता, अजून आहे. या खरेपणाने भलं कुणाचं झालं? कुणाचंच नाही.

तेवढ्यात फोन वाजला. गोजराबाईंचा आवाज फोनबाहेर सहज ऐकू येतो.

“किती झाला गो आमचा आकडा?”

“काही नाही, आये. फोन नुसते चालू ठेवलेले कळतात. सगळ्या गावाचा काढून टाकला. मालिका बंद झाली. भाविकाला आज सांगतील.”



“आगो, पन मी त रोज बसून बघीत होते. पयल्या दिसापासून. माजा बी नाय धरला?”

“नाही धरला, आये. मीच काढला.”