आडवा ठेवलेला फोन

चार बहिणींत ती शेवटची, म्हणून माहेरी तिला बारकी म्हणत. लग्न झालं, चष्मा लागला, भांगात दोन-चार पांढरे केसही डोकावू लागले, पण नाव काही मोठं झालं नाही. सासरीही तेच चिकटलं.

ती जिथे कामाला होती ती संस्था घरोघरी नर्स पाठवायची. म्हाताऱ्यांच्या जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायची, रक्तदाब बघायचा. प्रत्येक नर्सच्या फोनात संस्थेचं स्वतःचं ॲप होतं आणि ते बनवणारी चार माणसं मागच्या खोलीत बसायची. त्या चारांत बारकी.

तिच्या वाट्याला नेमकं काय येतं, हे सासूबाईंना समजावताना तिच्या नाकी नऊ आले होते. "फोनवर मधेच एक चौकट उघडते ना, 'नक्की पुसायचं का? हो की नाही?' असं विचारणारी, ती मी करते. खालून वर सरकत येते ती शीटही माझीच. पडद्याच्या वर येऊन बसतं ते सगळं माझं."

सासूबाई जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माणूस आपल्या कामात असताना मधे मधे करायचं आणि पगार घ्यायचा. बरं आहे की. मी तर जन्मभर फुकट करत आले."

पण मधे येणं हेही जपून करायचं काम असतं. कुठल्या चौकटीने बाहेर बोट लागताच निघून जावं आणि कुठलीने उत्तर मिळाल्याशिवाय जागचं हलू नये, हे आधी ठरवावं लागतं. दोन महिन्यांपूर्वी बारकीची एक शीट जरा जास्तच वर आली आणि डॉक्टरांना फोन लावायच्या बटणावर जाऊन बसली. अर्धा दिवस नर्सबाया बटण शोधत राहिल्या. तेव्हा साहेब आवाज न चढवता म्हणाले होते, "मॅडम, तुम्हाला कायम करायचा कागद माझ्या टेबलावर आहे. तो टेबलावरच राहावा असं काही करू नका."

तेव्हापासून बारकी फुंकून फुंकून पावलं टाकत होती.

त्या सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं. एका आजोबांच्या पायाला जखम होती, रोज पट्टी बदलायची. त्यांची मुलगी लांब राहायची आणि तिथून ॲपमधली नोंद बघायची. अकरा दिवस नोंद रिकामी. तिने वडिलांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, "पट्टी? छे, कुणी नाही बदलली." आजोबांना सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नसे, पण मुलीने कुणावर विश्वास ठेवायचा? ती शुक्रवारी संस्थेत येणार होती.

"सिस्टर म्हणतात, रोज बदलली आणि रोज 'हो' दाबलं," साहेब म्हणाले. "ॲप काय म्हणतं ते मला कागदावर काढून द्या. त्या खोटं बोलत असतील तर शुक्रवारी त्यांचा इथला शेवटचा दिवस."

बारकीने कागद काढला. भेट संपली की तिची चौकट विचारायची, 'पट्टी बदलली का?' कागदावर अकरा ओळी होत्या आणि अकराही ओळी सारख्या: प्रश्न दाखवला. पुढे उत्तराची जागा कोरी. सरळ हिशेब होता. तिने कागद नेऊन दिला.

मंगळवारी दुपारी ती डबा धुवायला निघाली, तर त्या सिस्टर साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पिशवी मांडीवर, नजर जमिनीला. बारकीला तसंच पुढे जाववेना.

"सिस्टर, त्या घरी फोन कुठे ठेवता तुम्ही?"

"कुठे ठेवणार? खाट आणि खिडकी, एवढंच तर आहे तिथे. खिडकीचा कठडा दोन बोटं रुंद. उभा ठेवला की घसरतो. दोनदा पडला. मग मी आडवा टेकवायला लागले."

"आणि 'भेट संपली' कधी दाबता?"

"पट्टी झाली की दाबते, फोन कठड्यावर टेकवते, आजोबांचा पाय उशीवर घेते, हात धुऊन येते. येऊन बघते तर पुढच्या घरांची यादी."

"मग 'हो' कधी दाबता?"

सिस्टरनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दिसलं तर दाबते. बाकीच्या घरी दिसतं. तिथे नाही दिसायचं, तर मला वाटायचं, घेतलं असेल त्याचं त्याने. आत मात्र मी सांगून आले की रोज दाबलं. घाबरले गं. नाही दाबलं म्हणाले असते, तर पट्टीही नाही बदलली असंच म्हणाले असते ना?"

"आडवाच ठेवता ना? नक्की?"

"हो. का गं?"

"काही नाही, सहज," बारकी म्हणाली आणि डबा न धुताच परतली.

मागच्या खोलीत सगळे फोन टेबलावर स्टँडमध्ये उभे असायचे, शिस्तीत, वर्गातल्या पोरांसारखे. बारकीने एक उचलला, 'भेट संपली' दाबलं, चौकट आली. फोन आडवा केला. चौकट गेली. पुन्हा केलं, पुन्हा गेली.

त्याचं असं होतं. फोन आडवा केला की पडद्याचं माप बदलतं, म्हणून फोन जुना पडदा मोडून नवा उभा करतो. एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवावं तसं. सगळं सामान मोजून नेलं आणि चुलीवरचा तवा तिथेच राहिला, तशी ती चौकट मागे राहायची. तूही बरोबर ये, असं तिला आधी सांगून ठेवावं लागतं. बारकी सांगायला विसरली होती.

उठावं, साहेबांकडे जावं, सांगावं. ती उठलीही. दारापर्यंत गेली. तिथे तिला साहेबांच्या टेबलावरचा, कायम करायचा तो कागद आठवला आणि ती पाणी पिऊन परत आली.

आधी दुरुस्त तर करू, तिने मनाशी म्हटलं, मग बघू. बुधवारी सकाळी तिने दुरुस्ती केली. सगळ्या मिळून दहा-बारा ओळी, जेवणाच्या आत झाल्या. प्रत्येक बदलापुढे काय केलं ते लिहायचं असतं. तिने लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती.' गुरुवारी नवं ॲप आपोआप सगळ्या नर्सच्या फोनांत पोहोचलं. आता कुणाचंच नुकसान व्हायचं नाही, असं ती स्वतःला बजावत राहिली. सिस्टरचं काय ते साहेब बघतील. घरी ताटावर बसली, पण भाकरी मोडायची राहून गेली.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"डोकं दुखतंय."

"डोकं दुखणारी माणसं अशी पानाकडे बघत नाहीत," सासूबाई म्हणाल्या आणि तेवढ्यावर थांबल्या. हे त्यांना सहसा जमत नसे.

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत आजोबांची मुलगी, सिस्टर आणि साहेब बसले होते. मुलीसाठी कागदाची एक प्रत काढून आणायला आणि समजावून सांगायला बारकीला बोलावलं होतं. ती शिरली तेव्हा सिस्टर बोलत होत्या, भरभर.

"मी परवापासून विचार करतेय. त्याच घरी असं होतं, कारण तिथे मी फोन आडवा ठेवते. आडवा केला की प्रश्न जातो. मी दाखवते, थांबा."

त्यांनी फोन काढला, बटण दाबलं, चौकट आली. त्यांनी फोन आडवा केला.

चौकट जागची हलली नाही. आडव्या पडद्यावर बरोबर मधोमध, ठळक अक्षरांत: पट्टी बदलली का?

सिस्टरनी फोन उभा केला, पुन्हा आडवा केला.

"जातो हो तो. खरंच जायचा."

"आता का जात नाही मग?" मुलगी म्हणाली. "आधी म्हणालात, रोज दाबलं. आता म्हणता, प्रश्नच जातो. माझे वडील एकटे आहेत, म्हणून काहीही सांगाल?"

साहेबांनी बारकीकडे बघून हात पुढे केला. "द्या तो कागद."

बारकीने कागद दिला नाही. आपण दुरुस्ती केली नसती, तर या बाईला आत्ता सगळ्यांना दाखवता आलं असतं. तिला खोटं पाडलं ते आपल्या दुरुस्तीने. हे तिच्या डोक्यात लख्ख उभं राहिलं.

"जायचा," ती म्हणाली. "बुधवारी मी ते दुरुस्त केलं. चूक माझी होती."

ती मागच्या खोलीत जाऊन स्टँडमधला एक फोन घेऊन आली, त्यात अजून जुनंच ॲप होतं. तिने तो साहेबांना नाही दिला, मुलीच्या हातात दिला. "तुम्हीच करून बघा. आडवा करा."

मुलीने केला. प्रश्न गेला. तिने चार वेळा केला, चारही वेळा गेला.

"म्हणजे पट्टी रोज बदलत होतात?" मुलीने शेवटी विचारलं.

"रोज," सिस्टर म्हणाल्या.

"मग दाबलं असं का सांगितलंत?"

सिस्टरनी मान खाली घातली. मुलगी म्हणाली, "मला आता काही कळत नाही. वडिलांकडे दुसरं कुणी पाठवा."

सिस्टरची नोकरी राहिली, ते घर गेलं. साहेबांनी सगळ्यांना जाऊ दिलं आणि बारकीला थांबवलं. 'किरकोळ दुरुस्ती' हे शब्द त्यांनी संगणकावर दोनदा वाचले. "चुकलात म्हणून नाही," ते म्हणाले, "झाकलंत म्हणून. कायम करण्याचं मला पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल." ती हो म्हणाली.

सिस्टर जिन्यात उभ्या होत्या, पिशवीचा बंद खांद्यावर सारखा करत. बारकीला वाटलं, निदान दोन शब्द बरे बोलतील.

"त्या आजोबांना माझ्याच हाताची सवय आहे," सिस्टर म्हणाल्या. "दुसरं कुणी गेलं की पाय ओढून घेतात." मग जरा थांबून, "तुला बुधवारी कळलं होय?"

बुधवार म्हटलं असतं तरी चाललं असतं. विचारणारीनेच वाट करून दिली होती.

"मंगळवारी," बारकी म्हणाली. "तुमच्याशी बोलले, तिथून परत गेले तेव्हाच."

सिस्टरनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. "तीन दिवस मी घरात तोंड उघडलं नाही," त्या म्हणाल्या. "नवरा विचारतोय, बाई आजारी आहेस का." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि ते जास्त लागत होतं. मग त्यांनी फोन काढून पुढच्या घराचा पत्ता बघितला आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागल्या.